शिंगप्रवाळाच्या पोटातले पडदे: रुगोसा जीवाश्मांत सेप्टा कसे वाढतात आणि त्यांना नावे कशी द्यायची

स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात भूशास्त्राचा एकच पेपर असतो आणि त्यात जीवाश्मांच्या वाट्याला जेमतेम एक-दोन तास येतात. त्यामुळे प्रवाळ म्हटले की विद्यार्थी वहीत एक शिंग काढतात, त्याच्या तोंडाशी चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा मारतात आणि पुढच्या जीवाश्माकडे वळतात. या टिपणात आपण त्या रेघांपाशीच थांबणार आहोत. त्या रेघा कोणत्याही क्रमाने उगवत नाहीत. प्रत्येकीची जन्मवेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते आणि त्यावरून तिला नाव मिळते. हे नाव चुकले तर प्रवाळाची जात चुकते, आणि जात चुकली की ज्या चुनखडकात तो सापडला त्याचे वयही चुकू शकते.

टिपण वाचताना एक कोरा कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा. कागदावर घड्याळाच्या तबकडीएवढे वर्तुळ काढा. आकृतीऐवजी आपण घड्याळाचे आकडे वापरू.

आधी कोणत्या प्रवाळाबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू. रुगोसा हा प्रवाळांचा एक नामशेष गट आहे. तो ऑर्डोव्हिशियन काळात, सुमारे ४५ ते ४६ कोटी वर्षांपूर्वी, दिसू लागतो आणि पर्मियन काळाच्या शेवटी, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, कायमचा संपतो. लॅटिनमध्ये 'रुगा' म्हणजे सुरकुती. या प्रवाळांच्या बाहेरच्या आवरणावर सुरकुत्या असतात म्हणून मिल्न-एडवर्ड्स आणि हेम या फ्रेंच अभ्यासकांनी १८५० मध्ये हे नाव दिले. यातले बरेच प्रवाळ एकेकटे राहणारे आणि बैलाच्या शिंगासारखे वाकडे, म्हणून त्यांना शिंगप्रवाळ म्हणायला हरकत नाही. वसाहत करून राहणारेही होते, पण शिकायला सुरुवात करायची तर एकट्या शिंगापासून करावी.

जिवंतपणी शिंगाच्या रुंद तोंडाशी, म्हणजे चषकात, मऊ शरीराचा पॉलिप बसलेला असे. त्याने स्वतःभोवती आणि स्वतःखाली कॅल्साइटचा सांगाडा बांधला. बाहेरची भिंत म्हणजे एपिथेका. आत भिंतीपासून मध्याकडे जाणारे उभे पडदे म्हणजे सेप्टा. एक असेल तर सेप्टम. पॉलिप वर सरकला की खाली रिकामी झालेली जागा तो आडव्या चकत्यांनी बंद करत जाई; या चकत्या म्हणजे टॅब्युला. भिंतीजवळ पडद्यांच्या मधल्या जागेत फेसाच्या बुडबुड्यांसारखे छोटे वक्र पापुद्रे असतात, ते डिसेपिमेंट. काही जातींत मध्यभागी एक खांबही असतो, त्याला कॉल्युमेला म्हणतात. शिंग आडवे कापले तर सेप्टा नीट दिसतात, उभे कापले तर टॅब्युला. अभियांत्रिकी चित्रकलेत प्लॅन आणि सेक्शनल एलिव्हेशन दोन्ही का लागतात, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. माणसाच्या हाडाकडे पाहून त्याचे बालपण दिसत नाही, कारण हाड आतून सतत मोडून पुन्हा बांधले जाते. प्रवाळ तसे करत नाही. तो जुन्याला हात न लावता वर वर बांधत जातो, जसा कुंभारमाशीचा किंवा एखाद्या गोगलगायीचा उद्योग. म्हणून शिंगाचे टोक म्हणजे त्याचे बालपण आणि तोंड म्हणजे त्याचे अखेरचे वय. टोकापासून तोंडापर्यंत ठरावीक अंतरावर आडवे काप घेतले की एकाच प्राण्याचे सगळे आयुष्य क्रमाने वाचता येते. जीवाश्मांच्या जगात इतकी सोय फार थोड्यांच्या बाबतीत आहे. पडदे कसे वाढतात याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते सगळे या एका सवयीमुळे.

तर अगदी टोकाशी चला, जिथे व्यास जेमतेम एखादा मिलिमीटर असतो. बहुतेक रुगोसांत तिथे आरपार एकच पडदा दिसतो, घड्याळाच्या १२ पासून ६ पर्यंत. याला अक्षीय सेप्टम म्हणू. पुढे त्याचे दोन भाग समजले जातात. ६ च्या बाजूचा तो कार्डिनल सेप्टम आणि १२ च्या बाजूचा तो काउंटर सेप्टम. आकृत्यांत कार्डिनलला इंग्रजी अक्षर सी देतात. ते अक्षर आधीच वापरले गेल्यामुळे काउंटरला के देतात. थोडे वर गेले की कार्डिनलच्या दोन्ही बाजूंना एकेक पडदा फुटतो. सुरुवातीला हे दोघे कार्डिनलला चिकटून लघुकोनात असतात, मग दूर सरकत ४ आणि ८ च्या आसपास स्थिरावतात. हे अलार सेप्टा, अक्षर ए. लॅटिनमध्ये 'आला' म्हणजे पंख, तेव्हा नाव योग्यच आहे. त्यानंतर काउंटरच्या दोन्ही बाजूंना तशीच एक जोडी येते, साधारण १० आणि २ वर. हे काउंटर-लॅटरल सेप्टा, अक्षरे केएल. एक, एक, दोन, दोन, एकूण सहा झाले. या सहांना प्रोटोसेप्टा, म्हणजे आद्य पडदे म्हणतात. सुरुवातीच्या या पायरीशी रुगोसा काही काळ थांबतो असे कापांत दिसते.

तुमच्या वर्तुळात हे सहा पडदे काढा आणि अक्षरे लिहा. पुढचे सगळे याच्यावर उभे आहे.

यानंतर जे पडदे येतात त्यांना मेटासेप्टा म्हणतात. ते कुठे येतात? सहा पडद्यांच्या मध्ये सहा घरे तयार झाली आहेत. सहाही घरांत नवे पडदे यावेत असे आपल्याला सहज वाटेल. तसे होत नाही. काउंटर आणि त्याच्या शेजारचा काउंटर-लॅटरल यांच्यामधली दोन घरे, म्हणजे १० ते १२ आणि १२ ते २, मेटासेप्टांसाठी बंद असतात. नवे पडदे फक्त उरलेल्या चार घरांत येतात. ४ ते ६ आणि ६ ते ८ ही दोन कार्डिनल चतुर्थके. २ ते ४ आणि ८ ते १० ही दोन काउंटर चतुर्थके. आणि या चार घरांतही नवा पडदा कुठेही येत नाही. कार्डिनल चतुर्थकात तो दर वेळी कार्डिनलला खेटूनच येतो आणि आधीच्याला अलारकडे ढकलतो. काउंटर चतुर्थकात तो दर वेळी अलारला खेटून येतो आणि आधीच्याला काउंटर-लॅटरलकडे ढकलतो.

हे डोक्यात राहात नसेल तर पंगत डोळ्यांसमोर आणा. गोल पंगत बसली आहे. उशिरा येणाऱ्या पाहुण्याला वाटेल तिथे पान मांडायची मुभा नाही. चारच ठिकाणी वाढपी पान मांडतो आणि बसलेल्यांना 'जरा सरका' म्हणतो. सरकणे नेहमी १२ च्या दिशेने. म्हणजे चारही चतुर्थकांत सगळ्यात नवा पडदा हा त्या चतुर्थकाच्या कार्डिनलकडच्या टोकाला असतो आणि सगळ्यात जुना काउंटरकडच्या टोकाला. एवढे एक वाक्य पाठ केले तरी पुरे आहे.

हा नियम जर्मन अभ्यासक अल्बर्ट कुंथ याने १८६९ मध्ये मांडला, म्हणून त्याला कुंथचा नियम म्हणतात. त्याने तो शिंगाच्या बाहेरच्या बाजूवरून ओळखला, हे विशेष. रुगोसाच्या भिंतीवर प्रत्येक पडद्याच्या जागी बाहेरून एक बारीक खाच उमटते आणि दोन पडद्यांच्या मधल्या जागी उंचवटा. जुने पडदे टोकापासून वर धावतात. नवे मधेच सुरू होतात. त्यामुळे कार्डिनलच्या रेघेशी दोन्ही बाजूंच्या खाचा पिसाच्या दांडीला केसर भिडावेत तशा तिरप्या येऊन मिळतात. अलारच्या रेघेशी असे फक्त एका बाजूने होते, आणि काउंटरच्या रेघेशी सगळे समांतर. भिंत चांगली टिकली असेल तर न कापताही एका साध्या भिंगाने कार्डिनल कुठे आहे ते सांगता येते. मी विद्यार्थ्यांना आधी हे करायला लावतो. करवत नंतर.

मेटासेप्टांना नावे नसतात, क्रमांक असतात. प्रत्येक चतुर्थकात पहिला आला तो १, नंतरचा २, असे. म्हणजे कार्डिनल चतुर्थकात क्रमांक १ अलारच्या शेजारी सापडेल आणि शेवटचा क्रमांक कार्डिनलच्या शेजारी. आद्य पडदे आणि मेटासेप्टा मिळून होतात ते मोठे सेप्टा. त्यांच्यामधे पुढे आखूड पडदे येतात, ते लघु सेप्टा. ते सहसा मध्यापर्यंत पोचत नाहीत. जात ओळखताना मोठ्या सेप्टांची संख्या आणि त्या कापाचा मिलिमीटरमधला व्यास ही जोडी नेहमी एकत्र देतात, कारण नुसती संख्या वयाबरोबर वाढत जाते आणि व्यासाशिवाय तिला अर्थ नाही.

मोजणीचे सूत्र अगदी साधे आहे: ६ अधिक चार चतुर्थकांतल्या मेटासेप्टांची बेरीज. बऱ्याच रुगोसांत काउंटर चतुर्थके कार्डिनल चतुर्थकांपेक्षा पुढे धावतात, म्हणजे तिथे पडदे जास्त असतात. समजा प्रत्येक कार्डिनल चतुर्थकात ४ आणि प्रत्येक काउंटर चतुर्थकात ६ असतील, तर ६ अधिक ८ अधिक १२, म्हणजे २६ मोठे सेप्टा.

आता अडचणीची गोष्ट. परीक्षेत किंवा संग्रहालयात तुमच्या हाती टोकाचा काप येत नाही. येतो तो तोंडाजवळचा, तीस-चाळीस पडद्यांचा काप. तिथे सगळे पडदे सारखेच वाटतात. मग सी कुठला आणि ए कुठला? सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: विद्यार्थी कसाबसा कार्डिनल शोधतात आणि त्याच्या लगतच्या पडद्याला अलार म्हणतात, कारण सहा पडद्यांच्या आकृतीत तो लगत होता. पण मोठ्या वयात कार्डिनलच्या लगत असतो तो सगळ्यात नवा मेटासेप्टम. अलार कधीच ढकलला गेलेला असतो. उलट काउंटरच्या बाजूला मात्र लगतचा मोठा पडदा म्हणजे काउंटर-लॅटरलच, कारण त्या घरात नवा मेटासेप्टम येतच नाही. आला तर फक्त लघु सेप्टम. एका बाजूला शेजारी तोच राहतो, दुसऱ्या बाजूला तो बदलत जातो.

कार्डिनल शोधायला बहुधा फॉसुला उपयोगी पडतो. अनेक जातींत कार्डिनल सेप्टम वयाबरोबर आखूड होतो आणि त्याच्या जागी टॅब्युला खाली दबून एक खळगा तयार होतो. आडव्या कापात तो पडद्यांच्या गर्दीतल्या मोकळ्या खाचेसारखा दिसतो. हा कार्डिनल फॉसुला. मात्र सरसकट 'आखूड तो कार्डिनल' असा ठोकताळा लावू नका. लोफोफिलिडियम या प्रजातीत काउंटर सेप्टम मध्यापर्यंत वाढून त्याचे टोक फुगते आणि त्याचाच खांब होतो; तिथे लांब पडद्यावरून काउंटर ओळखायचा. शिंगाच्या वळणावरूनही ओळखू नका. कार्डिनल काही जातींत फुगीर बाजूला असतो, काहींत खोलगट बाजूला.

अलार शोधायची युक्ती लांबीची आहे. काउंटरपासून सुरुवात करून खाली या. काउंटर-लॅटरल लांब, मग पहिला मेटासेप्टम लांब, पुढचे क्रमाने आखूड, कारण ते वयाने लहान. आखूड होत होत अचानक एक लांब पडदा येतो. तो अलार. त्याच्यापुढे पुन्हा लांब ते आखूड अशी उतरंड सुरू होते आणि कार्डिनलपाशी संपते. दोन्ही बाजूंना हे जमले की तुमची नावे बहुतेक बरोबर आहेत. एका बाजूला जमले आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर काप तिरका गेला आहे की काय ते आधी पाहा.

जुने जर्मन शोधनिबंध चाळायची वेळ आली तर आणखी एक अडचण येईल. तिथे कार्डिनलला हाउप्टसेप्टम, काउंटरला गेगनसेप्टम आणि अलारला झाइटनसेप्टम म्हणतात. अक्षरे अनुक्रमे एच, जी, एस. वस्तू त्याच आहेत.

पण नावे खात्रीने द्यायची तर टोकापासून क्रमाने काप घ्यावेच लागतात, आणि इथे खरा पेच आहे. जीवाश्म साधारण तीसएक मिलिमीटरचा. त्याचे आद्य सहा पडदे टोकाच्या पहिल्या एक-दोन मिलिमीटरांत. करवतीचे पातेच तेवढे जाड असते. म्हणून तिथे कापत नाहीत, घासतात. काचेवर बारीक घर्षणभुकटी घेऊन टोक थोडेसे घासायचे, चकचकीत करायचे, सौम्य आम्लात काही सेकंद बुडवायचे, अ‍ॅसिटोन घालून त्यावर सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पातळ पापुद्रा दाबायचा आणि वाळल्यावर सोलून काढायचा. पापुद्र्यावर कापाची हुबेहूब नक्षी उतरते. मग पुन्हा घासायचे. प्रत्येक वेळी जे घासले गेले ते पाण्याबरोबर गेले. शेवटी हाती राहतात फक्त पापुद्रे आणि तुमची वही. त्यामुळे घासायला हात लावण्याआधी जीवाश्माचे फोटो घेणे, साचा करून ठेवणे आणि अंगावर टोकापासून तोंडापर्यंत एक सरळ ओरखडा मारणे, ही तीन कामे चुकवता येत नाहीत. तो ओरखडा प्रत्येक पापुद्र्यावर एका बारीक खाचेच्या रूपाने उमटतो आणि सगळे काप एकाच दिशेने मांडता येतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एम.टेक.च्या वर्षी हौसेने एक शिंगप्रवाळ घासायला घेतला होता. ओरखडा मारायचा कंटाळा केला. म्हटले, क्रमांक घालतोच आहे पापुद्र्यांवर. अकरा पापुद्रे टेबलावर वाळत ठेवले आणि कोणीतरी पंखा लावला. गोळा केले तेव्हा क्रमांक शाबूत होते, पण कोणता पापुद्रा कोणत्या बाजूने वर होता ते कळायला मार्ग नव्हता. पापुद्र्यावरची नक्षी पालथी केली की आरशातल्यासारखी होते, डावे चतुर्थक उजवीकडे जाते. माझ्या प्रवाळात दोन्ही बाजूंची वाढ थोडी विषम होती आणि नेमके तेच मला दाखवायचे होते. जीवाश्म तोवर काचेवरच्या चिखलात गेलेला. आजही प्रात्यक्षिकाला आधी ओरखडा तपासतो, मग पंख्याचे बटण.

हल्ली सूक्ष्म सीटी स्कॅनने न घासता आत डोकावता येते. पण जीवाश्म कॅल्साइटचा आणि त्याच्या पोटात भरलेला गाळही कॅल्साइटचा असेल तर क्ष-किरणांना दोघांत फरक जाणवत नाही आणि चित्र करडे येते. म्हणून पापुद्र्यांची पद्धत अजून निवृत्त झालेली नाही.

आता थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात रुगोसा हे चाराच्या हिशेबाचे प्राणी आहेत असे धरून चालत. हेकेलने १८६६ मध्ये त्यांना टेट्राकोरॅला, म्हणजे चतुष्प्रवाळ, असे नावच दिले. आजचे प्रवाळ, ज्यांना स्क्लेरॅक्टिनिया म्हणतात, ते सहाच्या हिशेबाचे. मग दोघांचा संबंध काय? जमैकातल्या जिवंत प्रवाळांचा अभ्यास केलेल्या जे. ई. ड्यूर्डन याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हटले की रुगोसाही मुळात सहाचेच आहेत. ब्रिटनमध्ये आर. जी. करुथर्स याने टोके घासून पडदे कोणत्या क्रमाने येतात ते १९०६ मध्ये दाखवले: आधी अक्षीय, मग अलार, मग काउंटर-लॅटरल. म्हणजे आपण वर काढलेली सहाची आकृती. चार हा आकडा नंतरच्या वाढीचा, सहा हा जन्माचा. दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर होते.

याच करुथर्सने १९१० मध्ये या नावांचा असा उपयोग करून दाखवला की तो अजून शिकवला जातो. स्कॉटलंडच्या पूर्व कार्बनिफेरस थरांत झाफ्रेंटिस डेलानुई नावाचा लहानसा शिंगप्रवाळ मुबलक सापडतो. खालच्या थरांतल्या नमुन्यांत कार्डिनल फॉसुला मध्याकडे रुंद होत जातो. वरच्या थरांत फॉसुलाच्या बाजू समांतर होतात; त्याहून वर तो मध्याकडे अरुंद होतो; आणि शेवटच्या प्रकारात पडदे मध्यापासून मागे हटून एकमेकांपासून सुटे होतात. पॅरलेला, कन्स्ट्रिक्टा, डिसजंक्टा अशी त्यांची नावे. खरी गंमत अशी की नंतरच्या प्रकाराचे टोक घासले तर बालपणी तो आधीच्या प्रकारासारखा दिसतो. थरातले नमुने एकामागून एक मोजून पाहिले तर कोणत्या पातळीवर कोणत्या प्रकाराचे प्रमाण जास्त ते कळते आणि त्यावरून थराची पातळी सांगता येते. फॉसुला कोणता हे चुकले असते तर यातले काहीच उभे राहिले नसते.

जाता जाता एक सावधगिरी. आर्थर व्हॉन याने १९०५ मध्ये ब्रिस्टलजवळच्या कार्बनिफेरस चुनखडकाचे प्रवाळ आणि ब्रॅकिओपॉड यांवरून पट्टे पाडले आणि त्यांना के, झेड, सी, एस, डी अशी अक्षरे दिली. त्या के आणि सी चा आपल्या काउंटर-कार्डिनलशी काहीही संबंध नाही. दोन्ही अक्षरे एकाच निबंधात भेटू शकतात आणि भले भले गोंधळतात.

स्क्लेरॅक्टिनियात पडदे कसे येतात? तिथेही सहा आद्य पडदे, पण पुढे सहाही घरांत नवे पडदे येतात, आणि फेऱ्या-फेऱ्यांनी येतात. पहिल्या फेरीत ६, दुसरीत ६, तिसरीत १२, चौथीत २४. चार फेऱ्या पूर्ण झाल्या की ४८. म्हणून तिथे चतुर्थकाचे नाव किंवा सी-के लिहीत नाहीत. पडदा कितव्या फेरीचा एवढेच लिहितात: एस१, एस२, एस३. आणखी एक फरक बाहेरून दिसतो. रुगोसात पडद्याच्या जागी बाहेर खाच असते, स्क्लेरॅक्टिनियात पडदा भिंतीबाहेर उंचवट्याच्या रूपाने डोकावतो. हाताने चाचपूनही कळावे इतका हा फरक ठळक असतो.

मग आजचे प्रवाळ रुगोसांचे वंशज आहेत का? जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ शिंडेवोल्फ तसे मानत असे. पर्मियनच्या अखेरच्या काही रुगोसांत आद्य पडदेच ठळक राहतात आणि त्यांत त्याला सहाच्या हिशेबाकडे जाणारी वाट दिसली. विरुद्ध बाजूचे पुरावे मला जास्त वजनदार वाटतात. रुगोसांचा सांगाडा कॅल्साइटचा, स्क्लेरॅक्टिनियांचा अ‍ॅरागोनाइटचा. पर्मियनच्या शेवटानंतर काही दशलक्ष वर्षे प्रवाळाचा सांगाडाच सापडत नाही, आणि मध्य ट्रायासिकमध्ये स्क्लेरॅक्टिनिया येतात ते एकदम विविध रूपांत. शिवाय १९९१ मध्ये स्क्रटन आणि क्लार्कसन यांनी स्कॉटलंडच्या ऑर्डोव्हिशियन खडकांतून किल्बुकोफिलिया नावाचा प्रवाळ वर्णन केला, ज्याचे पडदे कुंथच्या नियमाने न येता आजच्या प्रवाळांसारखे फेऱ्यांनी येतात. रुगोसा भर जोमात असताना, त्यांच्याच काळात! तेव्हा सांगाडा नसलेल्या समुद्रफुलासारख्या प्राण्यांच्या वंशात फेऱ्यांची रीत आधीपासून होती आणि त्यांनी वेगवेगळ्या वेळी सांगाडा बांधायला घेतला, हे अधिक पटते. जिवंत प्रवाळांच्या डीएनएवरून केलेले अंदाजही स्क्लेरॅक्टिनियांचे मूळ पुराजीव महाकल्पात नेतात. हा सगळा वाद मुळात नवा पडदा कोणत्या घरात उगवला, एवढ्याच निरीक्षणावर उभा आहे.

आपल्या देशात हे कुठे पाहायला मिळेल? महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, तेव्हा गावाबाहेरच्या डोंगरात शिंगप्रवाळ शोधत फिरू नका. रुगोसांच्या काळातले सागरी थर हिमालयात आहेत. स्पितीच्या खोऱ्यातले ऑर्डोव्हिशियन-सिल्युरियन चुनखडक प्रवाळांसाठी प्रसिद्ध आहेत. तिथे साखळीसारखा हॅलिसाइट्स आणि मधाच्या पोळ्यासारखा फॅव्होसाइट्स हेही भेटतात, पण ते टॅब्युलाटा गटाचे. त्यांत टॅब्युला ठळक आणि पडदे नावापुरते, अनेकदा नुसते काटे, त्यामुळे सी-के शोधण्याचा प्रश्नच येत नाही. स्क्लेरॅक्टिनिया बघायचे तर कच्छचे ज्युरासिक थर, ज्यांतल्या प्रवाळांवर ग्रेगरीचा ग्रंथ १९०० मध्ये निघाला, आणि तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळचे क्रिटेशियस थर, ज्यांतले प्रवाळ स्टोलिच्का याने १८७३ मध्ये वर्णन केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा हा माणूस पुढच्याच वर्षी यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये वारला. त्याची समाधी लेह येथे आहे. अ‍ॅरागोनाइट टिकाऊ नसल्याने या वयाच्या प्रवाळांत सांगाड्याचे पुन्हा स्फटिकीभवन झालेले अनेकदा आढळते आणि पडद्यांच्या कडा पुसट होतात, एवढे ध्यानात ठेवा. मालवणच्या समुद्रात जिवंत स्क्लेरॅक्टिनिया आहेत. पण ते उचलून आणणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणून फेऱ्या मोजायच्या त्या महाविद्यालयाच्या जुन्या नमुन्यांवर.

शेवटी हे सोडवून पाहा. एका शिंगप्रवाळाचा आडवा काप, चषकाच्या बाजूने पाहिलेला. १२ वर एक लांब पडदा. तिथून उजवीकडे निघालो की एक लांब पडदा, मग क्रमाने आखूड होत जाणारे ५, मग अचानक एक लांब, मग पुन्हा आखूड होत जाणारे ३, आणि ६ वर खळग्यात एक अगदी आखूड पडदा. डावी बाजू अगदी तशीच. लघु सेप्टा मोजलेले नाहीत. सगळ्या पडद्यांना अक्षरे आणि क्रमांक द्या आणि एकूण संख्या काढा.

उत्तर: १२ वर के, त्याच्या लगत केएल, ५ हे काउंटर चतुर्थकाचे मेटासेप्टा, केएलकडून १ ते ५, अचानक आलेला लांब तो ए, पुढचे ३ कार्डिनल चतुर्थकाचे, अलारकडून १ ते ३, खळग्यातला तो सी. एकूण ६ अधिक १० अधिक ६, म्हणजे २२. आता याच प्रवाळाच्या दोन मिलिमीटर खालच्या कापात १८ मोठे सेप्टा आहेत असे समजा. कोणते चार तिथे अजून आलेले नव्हते? प्रत्येक चतुर्थकातला एकेक, म्हणजे काउंटरचे ५ क्रमांकाचे आणि कार्डिनलचे ३ क्रमांकाचे, असे उत्तर बहुतेक जण देतील. पण काउंटर चतुर्थकांतले ४ आणि ५ क्रमांकाचे दोन्ही बाजूंचे पडदे नसले तरी बेरीज १८ च येते. कोणते खरे ते संख्येवरून ठरत नाही. त्यासाठी खालच्या कापाचा पापुद्रा हवा, ओरखड्यासकट.